फोटो आणि लिखाण ऑनलाइन ठेवायचं कुठे? आधी बाहेर पडायची वाट शोधा

३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद झालं. गूगलने तीन महिने आधी सांगितलं होतं, फोटो काढून घ्यायची सोयही दिली होती. तरी कित्येकांचे कॉलेजचे फोटो आणि स्क्रॅप, म्हणजे मित्रांनी पानावर लिहिलेले निरोप, गेले ते गेलेच. कुणाला पासवर्ड आठवत नव्हता, कुणाचा नोंदवलेला ईमेल बंद पडला होता, बाकीच्यांचं 'बघू निवांत' म्हणता म्हणता राहून गेलं. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही फुकट वेबपानांची सेवा बंद केली होती. पुढे २०१६ मध्ये पिकासा गेलं, २०१९ मध्ये गूगल प्लस, २०२० च्या डिसेंबरात याहू ग्रुप्स. भारतीय भाषांचं म्हणून गाजलेलं कू २०२४ च्या जुलैत थांबलं. टिकटॉकवर तर जून २०२० मध्ये सरकारी बंदीच आली, आवराआवर करायलाही वेळ मिळाला नाही. मायस्पेसची तऱ्हा आणखी वेगळी. साइट चालूच राहिली, पण सर्व्हर बदलताना लोकांनी आधीच्या काळात चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ नष्ट झाल्याचं २०१९ मध्ये उघड झालं.

तेव्हा जागा निवडताना 'कोणतं ॲप सोपं' हा प्रश्न मागे ठेवा. सोपी तर सगळीच असतात, खाते उघडायला दोन मिनिटं लागतात. उद्या इथून निघायचं झालं तर हातात काय पडेल आणि कोणत्या अवस्थेत, हे आधी विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती आहेत. कामाला दोन-तीन रविवार जातील. नुसतं वाचून सोडणार असाल तर निदान दुसरी पायरी तरी करा.

पहिली पायरी: काय काय आहे ते वेगळं काढा

आपण सगळ्याला मिळून 'माझे फोटो' म्हणतो, पण त्यात चार जातींचा माल असतो आणि प्रत्येकाची जागा निराळी.

एक, मूळ फोटो आणि व्हिडिओ, म्हणजे फोनने किंवा कॅमेऱ्याने काढलेली पूर्ण आकाराची फाइल. हे गेलं तर परत मिळत नाही. दोन, तुमचं लिखाण: फेसबुकवरच्या लांबलचक पोस्टी, प्रवासवर्णनं, आजीच्या आठवणी, फोटोखाली लिहिलेल्या चार ओळी. याला जागा जवळजवळ लागत नाही, आणि तरी सगळ्यात आधी हेच हरवतं, कारण ते जपून ठेवायची वस्तू आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तीन, घरच्यांपुरतं: बारसं, मुंज, बाळाचे व्हिडिओ, आईचे हॉस्पिटलचे कागद. चार, जगाने पाहिलं तर आनंदच आहे असं: गडकिल्ले, वारी, गणपतीची आरास, पाककृती, कविता.

पहिल्या दोन गोष्टी 'ठेवायच्या' आहेत, नंतरच्या दोन 'दाखवायच्या'. दाखवायची जागा हीच ठेवायची जागा मानल्यामुळे बहुतेक नुकसान होतं. इन्स्टाग्राम फोटो दाखवायला उत्तम आहे. मूळ फोटोची एकुलती एक प्रत तिथे असणं मात्र धोक्याचं, कारण तिथे गेलेला फोटो लहान होऊन जातो आणि तो कधी, कुठे काढला याची आतली नोंदही पुसली जाते.

व्हॉट्सॲपचंही तेच. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण सोळाशे पिक्सेलवर येते. बारा मेगापिक्सेलचा फोटो चार हजार बाय तीन हजार असतो, म्हणजे पलीकडच्याला जेमतेम सहावा हिस्सा पोचला. मोबाइलवर फरक कळत नाही. लग्नाच्या अल्बमसाठी मोठी प्रिंट काढायला गेलात की स्टुडिओवाला मान हलवतो. सोळाशे पिक्सेलमध्ये चांगल्या दर्जाची प्रिंट पाच-सव्वापाच इंचांपर्यंतच निघते. एचडी पर्यायाने बरं जातं. मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायची असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

दुसरी पायरी: बाहेर पसरलेलं आधी घरी आणा

नवी जागा शोधण्याआधी जुन्या जागांवर काय पडलंय ते उतरवून घ्या. हे कॉम्प्युटरवर करा. मोबाइलवर मोठ्या झिप फाइली अर्ध्यात अडकतात.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये आपली माहिती उतरवून घ्यायचा पर्याय आहे. तिथे तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. तारखेचा टप्पा आपोआप गेल्या वर्षापुरता निवडलेला असू शकतो, तो बदलून सुरुवातीपासूनचा करा. फोटोंचा दर्जा 'हाय' ठेवा. तिसरी गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची. फाइलचा प्रकार विचारतात तेव्हा एचटीएमएल निवडा. जेसन हा दुसरा प्रकार निवडलात तर देवनागरी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. मजकूर गेलेला नसतो, पण तो पुन्हा वाचनीय करायला प्रोग्रॅमिंग जाणणारं कुणीतरी लागतं. एचटीएमएलमध्ये तीच पोस्ट ब्राउझरमध्ये नीट मराठीत उघडते. फाइल तयार झाल्याचा निरोप आला की लगेच उतरवा, ती तिथे चारच दिवस राहते.

गूगलकडून काढायला 'टेकआउट' आहे. सगळं एकदम मागू नका. आधी फक्त फोटो मागा, ते आले की ड्राइव्ह, मग मेल. झिपचा आकार मोठा निवडलात तर तुकडे कमी पडतात, पण नेट अधूनमधून तुटत असेल तर लहान तुकडेच बरे. लिंक आठवडाभर चालते. झिप उघडल्यावर प्रत्येक फोटोच्या शेजारी त्याच नावाची एक लहानशी जेसन फाइल दिसेल. कचरा समजून ती उडवू नका. तुम्ही गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन आणि दुरुस्त केलेली तारीख त्या फाइलमध्ये असते, फोटोत नसते. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना कुणी हाताने १९७८ वगैरे साल घातलं असेल तर ती सगळी मेहनत त्या चिमुकल्या फाइलींमध्ये आहे.

व्हॉट्सॲपमध्ये एकेक गप्पा 'एक्स्पोर्ट चॅट' करून काढता येतात. फोटोंसकट काढल्या तर शेवटचे दहा हजार संदेश, फोटोंविना काढल्या तर चाळीस हजार, अशी मर्यादा आहे. गेलेल्या माणसाशी झालेलं बोलणं जपायचं असेल तर दोन्ही प्रकारे काढून ठेवा. गटांमधल्या सुप्रभाताच्या फुलांची चाळण मात्र तुम्हालाच करावी लागेल, त्याला उपाय नाही.

ब्लॉगरवरून किंवा वर्डप्रेसवरून लिखाण काढलंत की सगळ्या पोस्टी आणि प्रतिक्रिया असलेली फाइल मिळते. त्यात फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. मूळ ठिकाणचा फोटो गेला की त्या पत्त्यावर काहीच उरत नाही. म्हणून ब्लॉगमधले फोटो वेगळे उतरवा.

आणि जुन्या फॉन्टचं प्रकरण. २००५ च्या आगेमागे मराठीत टाइप केलेलं बरंचसं लिखाण युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाही. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांतली फाइल आज दुसऱ्या मशीनवर उघडली की रोमन अक्षरांचा नुसता गुंता दिसतो. अशा फाइली सापडल्या तर त्या कोणत्या फॉन्टच्या आहेत ते आधी ओळखा आणि कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, त्यामुळे एकदा वाचून काढावंच लागतं. मूळ फाइलही शेजारी ठेवा. वडिलांच्या कविता अशा फाइलीत असतील तर पुढची सगळी कामं बाजूला ठेवून हे करा, कारण तो फॉन्ट ओळखणारी माणसंही आता कमी होत चालली आहेत.

तिसरी पायरी: मूळ प्रत आपल्या हातात

छायाचित्रकारांत एक जुना नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती वापरासाठी त्याचा अर्थ असा. एक प्रत लॅपटॉपवर किंवा कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या ऑनलाइन साठवणीत, किंवा दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवलेल्या डिस्कवर.

'घराबाहेर' हा शब्द आपल्याकडे गांभीर्याने घ्यावा. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटातले अल्बम आणि टेबलावरचे कॉम्प्युटर एकदमच गेले. तळमजल्यावर राहत असाल तर डिस्क निदान माळ्यावर तरी ठेवा. कोकणातल्या दमट हवेत सीडी-डीव्हीडीवर बुरशी धरते. २००० ते २०१२ च्या दरम्यानच्या लग्नांच्या डीव्हीडी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या आजच कॉपी करून घ्याव्यात. तबकडी चांगली असली तरी ती वाचणारा ड्राइव्ह नव्या लॅपटॉपला नसतो.

पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, जपायला नाही. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिले तर आतला डेटा उडू शकतो. साधी फिरती हार्ड डिस्क या बाबतीत बरी, पण पडली की संपली. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रपूजेच्या निमित्ताने म्हणा हवं तर, ती जोडा आणि सहज म्हणून दहा-वीस जुन्या फाइली उघडून बघा.

फोल्डरची नावं सालाने सुरू करा: '२०२४-०५ रत्नागिरी, ताईचं लग्न'. आकडे मात्र सगळीकडे एकाच लिपीत ठेवा. काही नावांत इंग्रजी आकडे, काहींत देवनागरी असं झालं की क्रम बिघडतो. फोटोत कोण आहे ते प्रत्येक फोटोला लिहीत बसणं कुणालाच जमत नाही. त्यापेक्षा फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवून त्यात चार ओळी लिहा: कुठे, कधी, डावीकडून कोण कोण. साधी टेक्स्ट फाइल कुठल्याही मशीनवर उघडते, आणखी वीस वर्षांनीही उघडेल.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी: २०१७ पासून आयफोन फोटो हाइक (HEIC) या फाइल-प्रकारात साठवतो. जुन्या विंडोज मशीनवर तो उघडत नाही. मूळ तसाच ठेवा, हवे तेवढेच जेपेगमध्ये बदला.

चौथी पायरी: दहा फोटोंची परीक्षा

आता नवी जागा. कोणतीही सेवा पक्की करण्याआधी तिची परीक्षा घ्या. दहा वेगवेगळ्या फाइली निवडा: फोनचे तीन फोटो, एक स्कॅन केलेला जुना, एक लांब व्हिडिओ, एखादा आयफोनचा, दोन मराठी नावाच्या फाइली, आणि दोन असे ज्यांना तुम्ही चढवल्यावर मराठीत वर्णन लिहाल. अल्बम करा. दोन दिवसांनी त्या सेवेच्या अधिकृत वाटेने सगळं परत उतरवा. एकेक फोटोवर उजवी टिचकी मारून 'सेव्ह' करणं म्हणजे बाहेर पडायची वाट नव्हे. हजारो फोटोंना ती चालत नाही.

मग मूळ आणि परत आलेली फाइल शेजारी उघडा. आकार तोच आहे का? काढल्याची तारीख तीच आहे, की उतरवल्याची झाली? मराठी नाव शाबूत आहे की प्रश्नचिन्हं आली? लिहिलेलं वर्णन कुठे गेलं? अल्बम अल्बमच राहिला की सगळे फोटो एका ढिगात पडले? व्हिडिओ पूर्ण दर्जाचा आहे?

सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणणारी सेवा मिळणं कठीण. पण कशात कमी आहे ते आज कळलं तर त्याची तजवीज करता येते. वर्णनं गळून पडत असतील तर ती टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. तारखा बिघडत असतील तर फोल्डरच्या नावात घाला. उतरवायची सोयच नसेल तर तिथे फक्त दाखवायच्या प्रती ठेवा.

पाचवी पायरी: क्लाउडची प्रत

गूगल फोटोज, आयक्लाउड, वनड्राइव्ह, यांपैकी तुमच्या फोनशी जमेल ते घ्या. त्यांच्या गुणांची तुलना करणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मी सावध करीन ते वेगळ्याच गोष्टींबद्दल.

'फुकट' बदलतं. २०१५ मध्ये गूगल फोटोज आलं ते अमर्याद फुकट जागा देत. १ जून २०२१ पासून ते थांबलं आणि पंधरा जीबीच्या आत फोटो, मेल, ड्राइव्ह सगळं मोजलं जाऊ लागलं. पुढे अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरला जाऊ लागला. चार एमबीचा एक फोटो धरला तर पंधरा जीबीत पावणेचार हजार फोटो मावतात, आणि भरलं की मेलही यायची थांबते. फ्लिकरनेही २०१८ मध्ये मालकी बदलल्यावर फुकट खात्यांना हजार फोटोंची मर्यादा घातली आणि वरचे फोटो काढले जातील असं कळवलं. माझं मत विचाराल तर मूळ प्रतींसाठी पैसे देऊन जागा घ्यावी. शंभर जीबीला महिन्याकाठी बाहेरच्या एका नाश्त्याएवढे पैसे जातात. पण पैसे भरायचे थांबले तर काय होईल हेही वाचून ठेवा. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलात तर मजकूर काढला जाऊ शकतो, आणि दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर ते अख्खं खातंच.

सिंक आणि बॅकअप यांत फरक आहे. बहुतेक फोटो-ॲप सिंक करतात, म्हणजे फोनवर पुसलंत की क्लाउडवरूनही पुसलं जातं. कचरापेटीत ते काही काळ राहतं, गूगल फोटोजमध्ये साठ दिवस, आयक्लाउडमध्ये साधारण तीस, मग संपलं. नातवाने आजोबांच्या फोनवर खेळता खेळता अल्बम साफ केला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर दोन महिन्यांनी काहीच करता येत नाही. शिवाय 'फ्री अप स्पेस' हे बटण. ते दाबल्यावर फोनमधली प्रत जाते आणि फक्त क्लाउडची उरते. हार्ड डिस्कवर कॉपी केल्याशिवाय त्याला हात लावू नका.

जागा वाचवणारा दर्जा निवडलात तर फोटो दाबले जातात आणि सोळा मेगापिक्सेलच्या वरचे लहान होतात. रोजच्या फोटोंना चालेल. कॅमेऱ्याच्या फोटोंना आणि स्कॅनना 'ओरिजिनल'च हवं.

आणि खातं बंद होणं. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांची गोष्ट जगभर गाजली. आजारी बाळाचा फोटो डॉक्टरला दाखवायला काढला, तो आपोआप क्लाउडवर गेला, गूगलच्या यंत्रणेने तो बाल-अत्याचाराचा समजून खातं बंद केलं. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. मेल, फोटो, फोन नंबर सगळं एकाच खात्याला बांधलेलं होतं. असं प्रत्येकाचं होत नाही. पण म्हणूनच क्लाउडची प्रत ही तिसरी प्रत, पहिली कधीच नाही. बाळांचे असले वैद्यकीय फोटो काढायच्या आधी फोटो-ॲपचा बॅकअप बंद करा.

सहावी पायरी: दाखवायची जागा

घरच्यांसाठी शेअर केलेला अल्बम सगळ्यात सोयीचा. पुण्यातली आजी, ठाण्यातली आत्या आणि न्यू जर्सीतला काका एकाच अल्बममध्ये फोटो टाकू शकतात. फक्त 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय सोडून माणसांची नावं घालून शेअर करा. लिंक एकदा सोसायटीच्या ग्रुपवर गेली की ती कुठवर जाईल याचा हिशेब लागत नाही.

लिखाणासाठी फेसबुक पुरेसं आहे का? वाचक तिथे आहेत, हे खरंच आहे. पण तीन वर्षांपूर्वीची आपलीच पोस्ट तिथे शोधून बघा. ज्याला लिहायची सवय आहे त्याने मूळ लेख स्वतःच्या ठिकाणी टाकावा आणि फेसबुकवर तो जरूर वाटावा. स्वतःचं ठिकाण म्हणजे ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमवरचा फुकट ब्लॉग, किंवा स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. डोमेनचा फायदा असा की मागची कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो, वाचकांच्या जुन्या लिंक तुटत नाहीत. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं. दिसायला छान, पण कितीतरी अर्जांमध्ये आणि ॲपमध्ये तो पत्ता धड चालत नाही, म्हणून मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉमच घ्या. डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने नोंदवा. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर पत्ता, आणि तो मुलगा आता बंगळुरूला, फोन उचलत नाही, हे घरोघरी चालू आहे.

इथे एक गोष्ट सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत. डोमेनला दरवर्षी पैसे भरावे लागतात, आणि माणूस गेल्यावर ते भरणारं कुणी नसतं. एक-दोन वर्षांत पत्ता सुटतो, कधी तो दुसरा कुणी घेऊन जुगाराच्या जाहिराती लावतो. सत्तरीतल्या लेखकाने आयुष्यभराचं लिखाण टाकायचं असेल तर मी फुकट ब्लॉगच सुचवीन. घरातल्या एका तरुण माणसाला त्याचा सहप्रशासक करा, ब्लॉगच्या मागचं खातं वापरात राहू द्या, आणि प्रत्येक लेखाचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. तिथे पत्ता पेस्ट करून पान साठवायची सोय फुकट आहे. वर्षाअखेरीस सगळ्या लेखांची एक पीडीएफ करून दोन-तीन जणांना मेल करा. हे डोमेनपेक्षा जास्त टिकेल.

गड, लेणी, जत्रा, पिकं, पक्षी यांचे चांगले फोटो असतील तर विकिमीडिया कॉमन्सचा विचार करा. २००४ पासून चालू आहे, जाहिराती नाहीत, फोटो पूर्ण आकारात राहतो, मराठी वर्णन चालतं. मात्र तिथे मुक्त परवाना द्यावा लागतो आणि तो मागे घेता येत नाही. उद्या कुणी तुमचा रायगडचा फोटो नाव देऊन कॅलेंडरवर छापला तर तक्रार करता येणार नाही. घरगुती फोटो तिथे चालतच नाहीत.

सातवी पायरी: फोटोत दुसरंही कुणी आहे

फोन फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. मोठ्या समाजमाध्यमांवर टाकताना ते इतरांना दिसत नाहीत, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या किंवा स्वतःच्या साइटवर चढवलेल्या मूळ फाइलमध्ये ते जसेच्या तसे जातात. जगाला द्यायच्या प्रतीतून ते काढा, घरच्या प्रतीत राहू द्या. फोटोतला मजकूरही बघा: दारावरची पाटी, गाडीचा नंबर, मुलाच्या गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र, निकालावरचा बैठक क्रमांक. दिवाळीत गावाला गेल्याचे फोटो परत आल्यावर टाकले तरी चालतात.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्यांना मूल धरतो आणि कंपन्यांना पालकांची संमती घ्यायला सांगतो. पण पालकच फोटो टाकत असतील तर कायदा मध्ये पडत नाही. दहा वर्षांच्या मुलीला 'हा टाकू का?' विचारलं तर ती बहुधा नाही म्हणते, आणि तिचं ऐकावं.

आठवी पायरी: किल्ल्या कुणाकडे

खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद केलात तर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. नंबर सोडण्याआधी सगळ्या खात्यांत नवा घाला. परदेशी गेलेल्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यावं. भारतातलं सिम रिचार्जअभावी बंद पडतं आणि जुना मेल उघडेनासा होतो. ओटीपी येत नसेल तेव्हा वापरायला गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते छापून पासपोर्टसोबत ठेवा.

गूगलच्या इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये तुम्ही तीन ते अठरा महिने गप्प राहिलात तर कुणाला कळवायचं आणि काय सोपवायचं ते नेमता येतं. फेसबुक आणि ॲपलमध्ये 'लेगसी काँटॅक्ट' आहे. फेसबुकवर नेमलेला माणूस आठवणींचं पान सांभाळू शकतो, तुमचे खाजगी संदेश मात्र वाचू शकत नाही. नेमणूक करून गप्प बसू नका, त्या माणसाला सांगा. आणि कुठे काय ठेवलंय याची एका पानाची नोंद विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा, पासवर्ड वगळून.

नववी पायरी: जुनी खाती

सगळं घरी आलं, उघडून पाहिलं, दुसऱ्या डिस्कवर कॉपी झालं, की मगच जुनी खाती बंद करायचा विचार करा. फेसबुक खातं पुसायला सांगितल्यावर तीस दिवसांच्या आत परत आलात तर ते वाचवता येतं, नंतर नाही. त्या तीस दिवसांत उतरवलेली झिप पुन्हा एकदा उघडा, सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात नव्या वर्षाचे फोटो बघा, मेसेंजरमधले संदेश आलेत का ते तपासा. इतरांनी टाकलेले आणि तुम्हाला टॅग केलेले फोटो त्या झिपमध्ये नसतात. ते हवे असतील तर खातं चालू असतानाच त्या त्या मित्राकडून मूळ फाइल मागून घ्या.